आधी उतारा, मग संचकार: बेळगाव भागात पहिली जागा घेणाऱ्यांसाठी

जागा बघितली, आवडली. एजंट म्हणाला, "काका, उद्या वडगावचं गिऱ्हाईक येतंय, ते रोख घेऊनच येणार." संध्याकाळी पन्नास हजार संचकार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, देऊन मंडळी मोकळी. कागदांची पिशवी घेऊन ओळखीच्या माणसाकडे जातात ती तिसऱ्या दिवशी. तोवर पैसे विकणाऱ्याच्या मुलीच्या लग्नात खर्च झालेले असतात.

आपल्याकडची दुसरी चूक सीमाभागाची खास आहे. लोक पुण्या-कोल्हापूरचे व्हिडिओ बघून सातबारा, आठ-अ आणि इंडेक्स टू मागत बसतात. हे महाराष्ट्राचे कागद. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इथे कर्नाटकाची पद्धत चालते आणि कागदांची नावंही वेगळी आहेत. पुढचा क्रम गुंतवणूक म्हणून पहिला प्लॉट, फ्लॅट किंवा जुनं घर घेणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्यांची अदलाबदल करू नका, बहुतेक नुकसान तिथेच होतं.

पायरी १: पैशाची बेरीज, जागा बघायच्या आधी

३० लाखांचा प्लॉट ३० लाखांत पडत नाही. शहरी हद्दीत स्टॅम्प ड्युटी ५ टक्के, तिच्यावर सेस आणि सरचार्ज धरून ५.६ टक्के होतात. ग्रामीण हद्दीत ५.६५. नोंदणी शुल्क ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस १ टक्क्यावरून २ टक्के झालं. म्हणजे शहरात एकूण ७.६ टक्के, आणि ३० लाखांवर २ लाख २८ हजार. वकील, बॉण्ड रायटर (दस्त लिहून देणारा), एजंट आणि मोजणी यांचा खर्च वेगळा.

ही टक्केवारी तुमच्या व्यवहाराच्या किमतीवर किंवा सरकारी गाइडन्स व्हॅल्यूवर (सरकारने त्या भागासाठी ठरवलेली किमान किंमत), यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. त्या भागाची गाइडन्स व्हॅल्यू नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर आधीच बघून ठेवा.

भाड्याचं गणितही आत्ताच करा. समजा ३५ लाखांचा फ्लॅट आणि महिना ९ हजार भाडं. वर्षाचे १ लाख ८ हजार, म्हणजे जेमतेम ३ टक्के. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी आणि वर्षातला एखादा रिकामा महिना वजा करा. कर्जाचं व्याज याच्या दुपटीहून जास्त असतं. भाड्यातून हप्ता सुटेल असं कुणी सांगत असेल, तर त्याला कागदावर आकडे मांडायला सांगा. बहुतेकदा तो विषय बदलतो. मच्छेला व्हीटीयू या तंत्रशिक्षण विद्यापीठामुळे, नेहरूनगर भागात हॉस्पिटल-कॉलेजमुळे आणि उद्यमबागेजवळ कारखान्यांमुळे भाडेकरू लवकर मिळतो. गावाबाहेरच्या रिकाम्या ले-आउटमधला प्लॉट मात्र एक रुपया भाडं देत नाही आणि दर पावसाळ्यात गवत काढायला लावतो.

पायरी २: जागा नक्की कुणाच्या हद्दीत?

बेळगावात एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे कायदे असू शकतात. त्यामुळे कुठलाही कागद मागायच्या आधी हद्द ठरवा.

महापालिकेच्या हद्दीत ई-आस्ती प्रणालीतलं ई-खातं, म्हणजे मालमत्तेची महापालिकेतली ऑनलाइन नोंद, लागतं. २०२४ पासून त्याच्याशिवाय खरेदीची नोंदणी होत नाही. शहापूर, अनगोळ किंवा जुन्या गल्ल्यांतल्या घरांना त्याशिवाय सिटी सर्व्हेचा सीटीएस उताराही असतो. तो आणि खातं, दोन्हींवरचं नाव आणि क्षेत्रफळ जुळायला हवं. जुन्या घरांत ते क्वचितच जुळतं.

ग्रामपंचायतीच्या हद्दीत, म्हणजे हिंडलगा, कंग्राळी, सुळगा, येळ्ळूर अशा गावांत, ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या मालमत्ता नोंदींची ऑनलाइन प्रणाली) नमुना ९ आणि नमुना ११ए मागा. हातात ११बी ठेवला, तर समजा की जागेला पूर्ण मंजुरी नाही. बँक कर्ज देताना नाक मुरडते आणि पुढे विकतानाही अडतं. "सगळ्या गावाचं असंच आहे हो" हे खरं असेलही, पण तो तुमच्या पैशाचा आधार नव्हे.

कॅम्पात प्रकरण आणखी वेगळं. कँटोन्मेंटमधल्या ओल्ड ग्रँटच्या बंगल्यांत बांधकाम माणसाचं आणि जमीन सरकारची असते. जनरल लँड रजिस्टरमधला उतारा आणि या विषयातला वकील या दोन गोष्टी नसतील, तर नवख्याने कॅम्पाच्या वाटेला जाऊ नये. माझं मत विचाराल, तर अनुभवी माणसानेही दोनदा विचार करावा.

आणि शिनोळी? बाची सोडून दोन मिनिटं गाडी पुढे गेली की आपण चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात असतो. तिथे सातबारा चालतो आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकात ही अट २०२० च्या दुरुस्तीने गेली. म्हणून बेळगावच्या एजंटने "आता कुणीही शेती घेऊ शकतो" म्हटलं, तर तो कुठल्या बाजूच्या जमिनीबद्दल बोलतोय ते विचारा.

*तपासा: विकणारा "बुडाचा प्लॉट" म्हणतो, तेव्हा तो बुडाने (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने) स्वतः पाडलेल्या वसाहतीतला आहे, की खासगी ले-आउटला बुडाची नुसती मंजुरी आहे? बोलताना दोन्हींना एकच शब्द वापरतात, पण कागद वेगळे असतात.*

पायरी ३: कागद, आणि त्यांचा क्रम

*मूळ दस्त डोळ्यांनी बघा.* झेरॉक्स नव्हे. माझ्या पहिल्या प्लॉटच्या वेळी विकणाऱ्याने सुंदर लॅमिनेट केलेली झेरॉक्स दाखवली. मूळ दस्त विचारला, तर "भावाकडं आहे, पुण्याला." मी संचकार देऊन बसलो होतो, म्हणून गप्प राहिलो. दोन महिन्यांनी कळलं की दस्त एका पतसंस्थेच्या कपाटात होता आणि त्याच्यावर कर्ज होतं. असं गहाण ईसीमध्ये (जागेवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा आणि बोज्यांचा दाखला) दिसेलच असं नाही. शेवटी माझ्याच पैशातून ते कर्ज फेडून दस्त सोडवला. व्यवहार पार पडला, पण सहा महिने झोप नव्हती. आता मी "मूळ दस्त कुठाय?" हा प्रश्न चहा यायच्या आधी विचारतो.

*ईसी, किमान ३० वर्षांची.* कावेरीवर ऑनलाइन मिळते ती साधारण एप्रिल २००४ नंतरची. त्याआधीच्या नोंदींसाठी सब रजिस्ट्रार ऑफिसात अर्ज करावा लागतो. इथेच लोक आळस करतात. व्यवहार नोंदलेले असतील तर नमुना १५ मिळतो, काहीच नसेल तर १६. नमुना १६ मिळाला म्हणून खूश होण्याआधी सर्व्हे नंबर बरोबर टाकला होता का ते बघा. चुकीच्या नंबरावर ईसी नेहमीच कोरी येते. आणि ईसीत फक्त नोंदलेले व्यवहार दिसतात. साध्या स्टॅम्पवरचं संचकारपत्र, मृत्युपत्र आणि कोर्टातला दावा तिच्यात सापडत नाही. दाव्यासाठी ई-कोर्टच्या साइटवर विकणाऱ्याचं आणि त्याच्या वडिलांचं नाव टाकून बघा. चालू दाव्यातली जागा घेतली, तर निकाल तुम्हालाही बंधनकारक असतो.

*उतारा.* शेतजमिनीतून पाडलेला प्लॉट असेल तर भूमी या सरकारी जमीन-नोंद प्रणालीतला आरटीसी, म्हणजे आपण ज्याला उतारा किंवा पहाणी म्हणतो तो, काढा. रकाना ९ मध्ये मालक, १० मध्ये फेरफार, ११ मध्ये बोजा. सोसायटीचं पीककर्ज, कोर्टाचा स्टे, सरकारी अट, सगळं अकरात असतं. एजंट मोबाइलवर उतारा दाखवतो तेव्हा बोट नेमकं नऊवर ठेवतो. तुम्ही अकरा वाचा.

*बिनशेती आदेश आणि ले-आउट नकाशा.* जिल्हाधिकाऱ्यांचा बिनशेती आदेश हा एक कागद, बुडाने किंवा नगररचना खात्याने मंजूर केलेला ले-आउट हा दुसरा. बरेच जण पहिला दाखवून दुसऱ्याबद्दल बोलतच नाहीत. दोन्ही नसतील तर ती गुंठेवारी. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. गुंठ्यावर विकलेली जागा स्वस्त दिसते, कारण रस्ता, गटार आणि मंजुरीचा खर्च पुढच्याच्या, म्हणजे तुमच्या, गळ्यात असतो. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या ले-आउटला कर्नाटक रेराची (बांधकाम आणि प्लॉट प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणीही लागते. नंबर घ्या आणि रेराच्या साइटवर स्वतः टाकून बघा, फलकावर छापलेल्या नंबरावर भागवू नका.

*वतन, कूळ आणि मंजूर जमीन.* हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनी आणि इनामी जमिनी आपल्याकडे भरपूर. १९७४ च्या कूळकायद्यात सातव्या नमुन्यातल्या अर्जावर कुळांना मिळालेल्या जमिनीही भरपूर, आणि त्या ठरावीक मुदतीत विकायला बंदी होती. अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेली जमीन १९७८ च्या कायद्याने सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. कितीही वर्षांनी ती खरेदी रद्द होऊ शकते. म्हणून "जमीन मूळ मालकाकडे आली कुठून?" हे शोधल्याशिवाय तीस वर्षांची साखळी पुरी झाली असं समजू नका.

*वारस.* जागा वडिलोपार्जित असेल तर बहिणींची मोजदाद करा. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि वडील आधी वारले होते का याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. "बहिणी काय मागणार नाहीत, सगळ्या सुखात आहेत" या वाक्यावर लाखो रुपये देऊ नका. एक तर त्या खरेदीपत्रावर सही करतील, नाहीतर नोंदलेलं हक्कसोडपत्र दाखवा. गोव्यात दिलेली धाकटी बहीण नेमकी विसरली जाते.

*सावधान: खातं म्हणजे मालकी नव्हे. घरपट्टीची पावतीही नव्हे. जनरल मुखत्यारपत्रावर "विकलेली" जागा विकत घेतली असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय.*

हे सगळं झाल्यावर वकिलाचं लेखी मत घ्या. वकील तुमचा असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. जमलं तर पंधरा दिवसांची जाहीर नोटीस मराठी आणि कन्नड, दोन्ही पेपरांत द्या. एकाच भाषेत दिली, तर ज्या वारसाने वाचायला हवी तोच दुसरा पेपर घेत असतो.

पायरी ४: कन्नड कागद वाचून घ्या, ऐकून नव्हे

आजोबांचा दस्त मराठीत, काही वेळा मोडीत. आजचा दस्त कन्नडमध्ये. मधल्या पिढीने दोन्हीकडे नुसत्या सह्या केल्या. बॉण्ड रायटर घाईत अर्थ सांगतो, आपण मान डोलावतो.

काही शब्द पाठच करा. क्रयपत्र किंवा खरेदीपत्र म्हणजे विक्रीचा दस्त. अडमानपत्र म्हणजे गहाण. विभागपत्र म्हणजे वाटणी. ऋणभार म्हणजे ईसीतला बोजा. चेक्कुबंदी म्हणजे चतुःसीमा. आणि सगळ्यात फसवा शब्द "साल". मराठीत साल म्हणजे वर्ष, कन्नडमध्ये साल म्हणजे कर्ज. एका मावसभावाने उताऱ्यावरचं हे अक्षर लावून लावून वाचलं आणि "हां, कुठल्या सालाचं ते लिहिलंय" म्हणून पुढे गेला.

मोडीतल्या जुन्या दस्ताचं लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्या. नवा दस्त हवा तर इंग्रजीत करून मागता येतो. कन्नडच ठेवायचा असेल तर मसुदा दोन दिवस आधी घ्या आणि कन्नड नीट वाचणाऱ्या, व्यवहारात हितसंबंध नसलेल्या माणसाकडून ओळीने वाचून घ्या. शेजारच्या शाळेतल्या बाई हे काम वकिलापेक्षा मन लावून करतात, असा माझा अनुभव आहे. नावांचं स्पेलिंग, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्रफळ आणि चारही बाजू आधार, खातं आणि जुन्या दस्ताशी ताडून बघा. कन्नडमध्ये गेलेलं मराठी आडनाव परत इंग्रजीत येईपर्यंत तीन रूपं घेतं.

पायरी ५: टेप घेऊन जागेवर, शक्यतो पावसात

नकाशात तीस फुटी रस्ता, जागेवर टेप लावला तर सतरा फूट आणि मग शेजाऱ्याचं कंपाउंड. हे मी दोनदा मोजलंय. प्लॉटच्या चारही बाजू आणि समोरचा रस्ता स्वतः मोजा. ३० बाय ४० च्या प्लॉटात तीस फुटांच्या रुंदीत दोन फूट कमी असले, तर ऐंशी चौरस फूट गेले. शंका आली तर सरकारी मोजणी मागवा, तिचा खर्च कुणाचा ते आधी ठरवा.

जुलै-ऑगस्टमध्ये एक फेरी माराच. शहापूर, वडगाव, अनगोळकडच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी पसरतं, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं ते आसपासच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. "इथं आम्ही भात लावायचो" असं उत्तर आलं तर काय ते समजा. काळ्या जमिनीत पायाचा खर्चही वाढतो.

पाण्याची लाइन घरापर्यंत आहे का, की टँकर? रिंग रोड किंवा बायपासच्या आखणीत सर्व्हे नंबर सापडतो का? हलगा-मच्छे बायपासच्या भूसंपादनावरून शेतकऱ्यांनी केवढा संघर्ष केला ते सगळ्यांनी पाहिलंय. "रस्ता येतोय, भाव वाढणार" म्हणणाऱ्याला विचारा, रस्ता जागेशेजारून जाणार की जागेवरून?

पायरी ६: आता संचकार

पहिल्या पाच पायऱ्या झाल्या, तरच. फार घाई असेल तर पाच-दहा हजारांचं टोकन द्या, आणि पावतीवर "कागद वकिलाच्या तपासणीत उतरले नाहीत तर रक्कम परत" असं लिहून घ्या.

खरा संचकार करार स्टॅम्प पेपरवर करा, नोंदवला तर उत्तम. त्यात एकूण किंमत, दिलेली रक्कम, मुदत, बोजा कोण फेडणार, खात्यातली चूक कोण दुरुस्त करणार आणि कुणी मागे हटला तर काय, हे सगळं असू द्या. सर्व मालकांच्या सह्या हव्यात, मोठ्या भावाची एकट्याची नको. रोख २० हजार किंवा त्याहून जास्त घेणं आयकर कायद्यात बसत नाही. पैसे बँकेतूनच द्या. त्याचा पुरावा उद्या तुम्हालाच लागणार आहे.

नव्या प्रकल्पातला फ्लॅट असेल तर नोंदलेल्या कराराआधी बिल्डर १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. रेरातून ५०० चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या इमारतींना सूट आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच अपार्टमेंट त्यातच बसतात. तिथे तुमची जबाबदारी दुप्पट. मंजूर नकाशा, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट आणि जमीनमालकाशी झालेला बिल्डरचा करार बघा. बांधकाम चालू असताना घेतला तर किंमत आणि आकारमानाप्रमाणे १ किंवा ५ टक्के जीएसटी, कम्प्लीशन मिळाल्यावर घेतला तर नाही.

पायरी ७: कर्ज

३० लाखांपर्यंतच्या घरकर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८०. नुसत्या प्लॉटला हात आखडता असतो. स्टॅम्प आणि नोंदणीचे पैसे खिशातूनच जातात. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद स्वच्छ, असं समजू नका. बँकेचा वकील बँकेचं हित बघतो.

पायरी ८: नोंदणीचा दिवस

आदल्या दिवशी ईसी पुन्हा काढा. संचकार ते खरेदी या मधल्या दिवसांत दुसऱ्याला विकल्याच्या गोष्टी ऐकिवात आहेत. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा असतो, विकणारा परदेशात राहणारा असेल तर नियम वेगळा आणि रक्कम मोठी. सीए गाठा.

शेवटचा डीडी सब रजिस्ट्रारसमोर सह्या झाल्यावरच हातात द्या. त्याच वेळी मूळ दस्त, जुने दस्त, ताबा आणि किल्ली घ्या. जुन्या घरात भाडेकरू असेल तर तो बाहेर पडेपर्यंत खरेदी करू नका. "ते जातील हो" म्हणणारा स्वतः कधीच त्यांना घालवू शकलेला नसतो.

पायरी ९: खरेदीनंतरचे तीन महिने

दस्त कपाटात गेला की लोक विसरतात. खातं तुमच्या नावावर करून घ्या, शेतीचा उतारा असेल तर फेरफार पुरा झाला का बघा, हेस्कॉमचं वीजमीटर आणि पाण्याचं बिल नावावर चढवा. रिकाम्या प्लॉटला चार कोपऱ्यांत दगड रोवून तारेचं कुंपण घाला आणि तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा.

महिन्याभराने तिसऱ्यांदा ईसी काढा. तिच्यात तुमचं नाव, बरोबर सर्व्हे नंबर आणि बरोबर क्षेत्रफळ आलंय का ते त्याच शाळेतल्या बाईंकडून वाचून घ्या. काही चूक दिसली तर दुरुस्तीपत्र तेव्हाच करा, विकणाऱ्याचा फोन अजून लागतोय तोवर.